उशिरा मागितलेली रक्कम

मुंबईच्या तिलोकचंद मोतीचंद या पेढीचे सुमारे साडेसव्वीस हजार रुपये सरकारजमा करण्याचा हुकूम विक्रीकर खात्याने १९५८ मध्ये काढला. उच्च न्यायालयात पेढी हरली आणि निमूटपणे हप्त्यांनी पैसे भरून बसली. दुसरे व्यापारी मात्र लढत राहिले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या खटल्यात हे कलमच रद्द ठरवले, तेव्हा पेढीला जाग आली! १९६८ मध्ये तिने सर्वोच्च न्यायालयात रिट अर्ज करून पैसे परत मागितले. अशा अर्जाला कायद्याने ठरावीक मुदत नाही, हे खरे. पण उशीर अवाजवी असेल तर न्यायालय दाद नाकारू शकते. ‘कलम अवैध असल्याचे आताच कळले’ ही सबब चालली नाही. हा मुद्दा पेढीलाही पूर्वीच मांडता आला असता. पाचांपैकी दोन न्यायमूर्ती पेढीच्या बाजूचे होते. तिघांनी अर्ज फेटाळला.