भरपाई कोणाला मिळाली?



इंग्लंडने गुलामांचा व्यापार बंद केला, त्याचे श्रेय विल्यम विल्बरफोर्स यांना दिले जाते आणि ते रास्तच आहे. यॉर्कशायरचे हे खासदार श्रद्धाळू ख्रिस्ती होते. माणूस विकणे पाप आहे, ही त्यांची धारणा धर्मातूनच आली होती. याच गृहस्थांनी १८१३ साली हिंदुस्थानात मिशनऱ्यांना मोकळीक मिळावी म्हणून पार्लमेंटात हिंदू धर्मावर कडवट टीका केली, हेही विसरायचे कारण नाही. पण त्याने मूळ काम लहान ठरत नाही.

१७८९ साली त्यांनी विषय मांडला. १७९१ मध्ये ८८ विरुद्ध १६३ मतांनी हार झाली. पुढल्या वर्षी बहुमत मिळाले, तर हेन्री डंडास यांनी ठरावात ‘क्रमाक्रमाने’ हा शब्द घुसडला! काम पंधरा वर्षे लांबले. सहकारी थॉमस क्लार्कसन मात्र बंदरोबंदरी फिरून जहाजांचे हजेरीपट तपासत होते. हा धंदा म्हणजे आरमाराला खलाशी तयार करून देणारी शाळा, असे व्यापारी सांगत. क्लार्कसन यांनी त्याच जहाजांवर किती खलाशी मेले ते आकड्यांनी दाखवले. खातेवह्यांत आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्याला हा भाग विशेष भावतो. अखेर १८०७ साली २८३ विरुद्ध १६ मतांनी व्यापार बंद झाला.

व्यापार थांबला, गुलामी नाही. तिच्याविरुद्धचा कायदा १८३३ चा. तो मंजूर होणार हे कळल्यावर तीन दिवसांत विल्बरफोर्स वारले. (कंपनी सरकारचा हिंदुस्थान त्यातून वगळला होता, इथला कायदा १८४३ चा.) या कायद्याने दोन कोटी पौंड भरपाई दिली. कोणाला? मालकांना. गुलामांच्या नावे छदामही जमा नाही. उलट बहुतेकांना १८३८ पर्यंत ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्याच मालकाकडे राबावे लागले.

भरपाईसाठी सरकारने दीड कोटी पौंडांचे कर्ज काढले. त्याची शेवटची बाकी २०१५ साली फिटली, असे ब्रिटनच्या अर्थखात्यानेच सांगितले आहे. २०१३ साली कॅरिबियन देशांनी भरपाई मागण्यासाठी आयोग नेमला, तेव्हा ‘इतके जुने कशाला उकरता’ असा सूर निघाला. वाचकहो, मालकांना दिलेल्या पैशाचे हप्ते त्या वेळीही चालू होते.