पडद्यावरची तीन घड्याळे

फराळाच्या ताटातली चकली गोड नाही म्हणून तिला कोणी नावे ठेवीत नाही. चित्रपटांच्या बाबतीत मात्र हा विवेक आपण हमखास विसरतो. मारामारीच्या पटात तत्त्वज्ञान शोधतो आणि घरगुती कथेला ‘संथ’ म्हणून निकालात काढतो. म्हणून यंदा मी मुद्दाम तीन तऱ्हांचे तीन चित्रपट निवडले आहेत. तिन्हींत घड्याळ आहे.

चार्ली चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ (१९३६) सुरू होतो तोच घड्याळाच्या तबकडीवर. कारखान्यात नट पिळून पिळून चार्लीचे हात काम थांबले तरी पिळतच राहतात. जेवणाच्या सुट्टीतली मिनिटे वाचावीत म्हणून त्याच्यावर घास भरवणाऱ्या यंत्राचा प्रयोग होतो. आपण पोट धरून हसतो, आणि मग ते हसूच घशात अडकते.

फ्रेड झिनमनचा ‘हाय नून’ (१९५२) हा घोडे-पिस्तुलांचा अमेरिकी पट. मार्शल केनचे नुकतेच लग्न लागले आहे आणि दुपारी बाराच्या गाडीने त्याचा वैरी येतो आहे. गॅरी कूपरचा केन दारोदार मदत मागतो. ज्याची त्याची सबब तयार! काटा पुढे सरकतो तसा गाव मागे सरकतो. गोळीबार अखेरीस होतो, पण छाती धडधडते ती या बंद दारांपाशी.

यासुजिरो ओझूच्या ‘टोकियो स्टोरी’त (१९५३) असे काहीच घडत नाही. ओनोमिचीहून म्हातारे आईबाप टोकियोला मुलांकडे येतात. मुलगा डॉक्टर, मुलीचे केशभूषेचे दुकान. दुष्ट कोणी नाही, फक्त सवड कोणाला नाही. युद्धात गमावलेल्या मुलाची बायको नोरिको तेवढी कचेरीतून रजा काढून त्यांना शहर दाखविते. गावी परतल्यावर आई जाते आणि सासरे तिचे घड्याळ या सुनेच्या हाती ठेवतात. ज्याने वेळ दिला, त्याच्याच वाट्याला ते यावे, यात सारे आले.

तिन्हींत माझे झुकते माप या शेवटच्या चित्रपटाला. तो संथ आहे, हे कबूल. सव्वादोन तासांहून थोडा अधिकच चालतो. पण वाचकहो, तशी तक्रार करणाऱ्याला मी एवढेच विचारीन: आईवडिलांजवळ सलग इतका वेळ तुम्ही शेवटचे कधी बसला होतात?