मापाचेंही माप

दुकानांतील वजनें ठराविक मुदतीनें तपासून त्यांवर सरकारी छाप मारतात, याविषयीं कोणी सुज्ञ मनुष्य कुरकुर करीत नाहीं. परंतु सूर्यतेज मोजणाऱ्या यंत्राच्या फेरतपासणीसाठीं अग्निबाण उडविला, कीं ही उधळपट्टी होय, असें म्हणणारे पुष्कळ निघतात. हें मत आम्हांस मान्य नाहीं.

अमेरिकेच्या 'नासा' संस्थेनें फेब्रुवारी २०१० मध्यें 'सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी' हा उपग्रह अवकाशांत धाडिला. सूर्याचे अति आंखूड लहरींचे अतिनील किरण मोजण्यासाठीं त्यावर 'ईव्ह' हें उपकरण बसविलें आहे. या किरणांनीं वातावरणाचे वरचे थर तापून फुगतात आणि खालच्या कक्षेंतील उपग्रहांस हवेचा अडथळा वाढतो. तेव्हां हें मोजमाप केवळ विद्वानांच्या कुतूहलापुरतें नव्हे.

अडचण अशी, कीं जे किरण मोजावयाचे तेच उपकरणाचा घात करितात. यंत्रांतील पदार्थांपासून सुटणाऱ्या वाफेचा सूक्ष्म थर आरशांवर व गाळण्यांवर बसतो आणि अतिनील किरणांनीं तेथेंच पक्का होतो. मग आंकडा उतरूं लागतो. सूर्याचें तेज मंदावलें, कीं यंत्राचीच दृष्टि मंदावली, याचा निवाडा त्या एकट्या यंत्रास करितां येत नाहीं.

म्हणून 'ईव्ह'चें जुळें उपकरण न्यू मेक्सिकोंतील व्हाइट सँड्स येथून अग्निबाणानें वर पाठवितात. असें पहिलें उड्डाण मे २०१० मध्यें झालें. कांहीं मिनिटें सूर्य पाहून तें पॅराशूटनें खालीं येतें. त्याची पारख मेरिलंडमधील गेदर्सबर्ग येथें सिंक्रोट्रॉन यंत्राच्या प्रकाशांत होते. त्या प्रकाशाची तीव्रता गणितानें निश्चित काढितां येते. दोन्ही उपकरणांचे आंकडे ताडून पाहिले, म्हणजे वरच्या यंत्राची झीज कळते.

कोणी म्हणेल, उपग्रहावरच राखीव गाळण्या असतां हा खटाटोप कशाला? गाळण्या आहेत खऱ्या, व उपयोगीही आहेत. परंतु त्या त्याच घरांत राहून म्हाताऱ्या होतात. घरच्या साक्षीदाराबरोबर बाहेरचाही एक साक्षीदार हवा.

हा विषय आपणांस परका नाहीं. सप्टेंबर २०२३ मध्यें निघालेल्या 'आदित्य-एल१' यानावरील 'सूट' ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या 'आयुका' संस्थेच्या पुढाकारानें तयार झाली. अशा प्रत्येक कार्यांत यंत्र घडविण्याच्या खर्चाबरोबर तें वर्षानुवर्षें पारखण्याचा खर्चही आरंभींच मांडावा. विद्यार्थिमित्रांनो, पारख नसलेला आंकडा कितीही बारीक असला तरी तें ज्ञान नव्हे. तो केवळ अंदाज होय.