रत्नागिरीत ऑफिस थाटताय? काचेच्या आधी पडवी बघा



"पर्यावरणपूरक ऑफिस" म्हटलं की धंद्यात नव्याने उतरणारा माणूस लांबूनच हात जोडतो. ते मोठ्या कंपन्यांचं काम, आपण आधी चार पैसे कमवू, मग झाडं-बिडं लावू, असा त्याचा हिशोब असतो. माझं मत नेमकं उलट आहे. रत्नागिरीत छोटा धंदा सुरू करणाऱ्याला हिरवं ऑफिस सहज परवडतं. परवडत नाही ती काचेची केबिन.

का, ते पैशातच बघू.

पहिला पावसाळा काढायचाय

आपल्याकडे मार्च ते मे म्हणजे आंबा, पर्यटक, लग्नं, चाकरमानी. हातात पैसा खेळतो. मग जून उजाडतो आणि चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. बऱ्याच धंद्यांचं गिऱ्हाईक कमी होतं. पण भाडं, लाईट बिल आणि फर्निचरचा हप्ता यांना पाऊस कळत नाही, ते महिन्याच्या महिन्याला दारात उभे राहतात.

म्हणून ऑफिस घेताना "दिसतं कसं?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की सलग चार महिने विक्री निम्म्यावर आली तरी हे ऑफिस मला पोसता येईल का?

काचेचा हिशोब

पश्चिमेला तोंड, समोर पूर्ण काच, वर स्लॅब किंवा पत्रा. असा गाळा दुपारी भट्टीसारखा तापतो. मग एसी आला. भर उन्हात दीड टनाचा एसी तासाला एक युनिट सहज खातो. दिवसाला ८ तास, महिन्याला २५ दिवस, म्हणजे २०० युनिट. युनिटला १० रुपये धरले तर २,००० रुपये फक्त गारव्याचे. तुमचा खरा दर तुमच्या बिलावर बघा. व्यापारी मीटरचा दर घरगुतीपेक्षा वेगळा असतो.

आता पंखे. साधा पंखा साधारण ७५ वॅटचा, बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपासचा. चार साधे पंखे तेवढ्याच वेळात ६० युनिट घेतात, चार बीएलडीसी २४. महिन्याला ३६ युनिट, म्हणजे ३६० रुपये वाचले. एका पंख्यामागे हजार-बाराशे जास्त मोजावे लागले तरी वर्षभरात, फार तर महिना-दोन महिने पुढे, ते वसूल होतात.

ही वीज कुठून येते, तेही आपल्याला लांब जाऊन बघायला नको. आपल्याच जिल्ह्यात पोफळीला कोयनेच्या पाण्यावर वीज होते आणि जयगडला १,२०० मेगावॅटचा प्रकल्प कोळशावर चालतो. राज्याची बरीचशी वीज आजही कोळशाचीच आहे. त्यामुळे बिलातून कमी झालेलं प्रत्येक युनिट खिशालाही हलकं आणि हवेलाही.

मग जागा कशी बघायची?

आपल्या जुन्या माणसांनी हे कोडं कधीच सोडवलंय. जांभ्याची जाड भिंत, वर मंगलोरी कौलं, खाली माळा, पुढे पडवी. भिंत जाड म्हणून ऊन आत पोचायला वेळ लागतो, पडवीमुळे ऊन आणि पावसाची झड दारापर्यंतच येत नाही, समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा खेळतो. ब्रह्मदेशाच्या थिबा राजासाठी १९१०च्या सुमारास बांधलेला राजवाडा एकदा या नजरेने बघून या. उतरतं छप्पर, जांभा दगड, हवेशीर दालनं, आणि एसीचा तर तेव्हा पत्ताच नव्हता.

तुमच्या घराला पडवी असेल किंवा एखाद्या आळीत जुनं घर भाड्याने मिळत असेल, तर सुरुवात तिथूनच करा. नवीन सिमेंट नाही, नवीन काच नाही, डिपॉझिटही बहुतेक कमी. घरातून धंदा करणार असाल तर मीटर कुठल्या वर्गात बसेल, हे महावितरणच्या ऑफिसात आधीच विचारून घ्या.

"पण गिऱ्हाईक काय म्हणेल?" हा प्रश्न येणारच. गिऱ्हाईक स्वच्छ पाटी बघतं, नीट उजेड बघतं, बसायला जागा आणि वेळेवर उत्तर बघतं. गारठ्यासाठी कोणी ऑर्डर देत नाही.

एक खरं, जुन्या घरात पावसाळ्यात दमट होतं. कागद कुबट होतात, मशिनला बुरशी धरते. त्यावर उपाय आहेत: कपाट भिंतीपासून चार बोटं लांब, कागदपत्रं स्कॅन करून ठेवलेली, गळकी कौलं मे महिन्यातच बदललेली. ज्यांच्या मालाला किंवा मशिनला एसी लागतोच, त्यांनी तेवढी एकच छोटी खोली बंदिस्त करावी आणि एसी २४च्या खाली नेऊ नये. एक अंश वर ठेवला तर साधारण ६ टक्के वीज वाचते, असं केंद्र सरकारचं ऊर्जा खातंच सांगतं.

हिरव्या नावाखाली खर्च करू नका

रिसेप्शनला प्लास्टिकच्या गवताची भिंत लावतात आणि त्याला "ग्रीन ऑफिस" म्हणतात. अहो, कोकणात बसून प्लास्टिकचं गवत? खिडकी उघडा की.

सोलरचंही तसंच. भाड्याच्या जागेत पहिल्याच वर्षी पॅनल बसवायची घाई करू नका. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान घरगुती ग्राहकांना आहे, व्यापारी जोडणीला नाही, आणि आपल्याकडे पावसाळ्यात निर्मिती घटते. आधी वापर कमी करा, जागा स्वतःची झाली की सोलरचा हिशोब मांडा.

त्यापेक्षा डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप घ्या, चांगल्या दुकानातून वॉरंटीसह वापरलेला मिळाला तरी चालेल. वीज कमी खातो आणि पावसात लाईट गेली तरी काम थांबत नाही. पाच माणसं दिवसाला तीनदा चहा घेत असतील तर महिन्याला ३७५ कप कचऱ्यात जातात, आणि कागदी कपालाही आतून प्लास्टिकचाच थर असतो. स्टीलचे किंवा काचेचे सहा पेले आणा, विषय संपला. आलेले खोके फाडू नका. तुमचा माल पाठवायला तेच वापरा.

आगोट ऑफिसचीही करा

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा माल तर गेलाच, वह्या आणि कॉम्प्युटरही गेले. त्याआधीच्या वर्षी निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडला झोडपलं होतं. त्यामुळे निसर्गाला धरून चालणारं ऑफिस म्हणजे निसर्ग खवळला तरी पुन्हा उभं राहणारं ऑफिस, असं मी मानतो. आपण घराची आगोट करतो तशी ऑफिसचीही करा. पन्हळी साफ, वायरी आणि स्टॅबिलायझर जमिनीपासून वर, हिशोबाची एक प्रत ऑनलाइन, विमा चालू आहे ना याची खात्री.

आता एक काम लगेच करा. गेल्या बारा महिन्यांची लाईट बिलं काढा आणि जून ते सप्टेंबरच्या बिलांची बेरीज करा. जागा अजून घेतली नसेल तर आधीच्या भाडेकरूची बिलं मालकाकडे मागा. त्या बेरजेत चार महिन्यांचं भाडं मिळवा. येणाऱ्या आकड्याएवढे पैसे आज बाजूला काढता येत नसतील, तर ती जागा तुमच्यासाठी नाही. दुसरी बघा, आणि बघायला दुपारी दोन वाजता जा, लाईट-पंखे बंद करून.