लाल चौकोन म्हणजे चुकलेलं उत्तर नव्हे, हे तिला कोण सांगणार होतं?

प्रवेश परीक्षा आणि नोकरभरती ऑनलाइन करण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्या सर्वांस,



मी तेर गावात अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवतो. २०१९ साली एमएचटी-सीईटी संगणकावर गेली, त्याच वर्षी जेईई मेनही. पेपर छापण्याचा, पोचवण्याचा, तपासण्याचा व्याप कमी झाला. त्याला माझा विरोध नाही. पण पडद्यावरचा पेपर सोडवायला आमच्या लेकरांना शिकवणार कोण, हे तुम्ही ठरवलंच नाही, आणि मला तेच लागलं आहे.

वर्गातल्या एका मुलीचं सांगतो. वडील कोरडवाहू शेतकरी, घरात मिळून एक फोन. इंटिग्रेशनची गणितं ती माझ्याआधी सोडवायची. गणित गटाच्या सीईटीला १८० मिनिटांत १५० प्रश्न असतात. पर्याय निवडून ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ दाबायचं, तर ती उजवीकडच्या चौकटीतला पुढच्या प्रश्नाचा आकडाच दाबत गेली. अशानं प्रश्न पुढचा उघडतो, पण आधीचं उत्तर जतन होत नाही. चौकटीत आकडे लाल होत गेले. पाहिलेल्या पण उत्तर न नोंदवलेल्या प्रश्नाचा तो रंग. तिला वाटलं, लाल म्हणजे चुकलं. म्हणून मागे जाऊन तिनं बरोबर आलेली उत्तरं बदलली. शेवटच्या काही मिनिटांत उलगडा झाला तेव्हा माऊस हातात ठरेना. दुसऱ्या दिवशी कच्च्या वहीतली गणितं घेऊन ती माझ्याकडे आली. “सर, हे सगळं मला येत होतं.” मी काय उत्तर द्यायचं होतं?

निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. तिच्या सत्रात बसलेल्या प्रत्येक मुलाशी तिची तुलना होते. त्यात लातूर-पुण्याच्या क्लासमध्ये वर्षभर संगणकावर चाचण्या दिलेली मुलंही असतात. त्यांच्या मेहनतीबद्दल माझी तक्रार नाही. पण गणितात जी मागे नव्हती, ती माऊसमुळे मागे पडली, आणि तिच्या गुणपत्रिकेवर याची कुठेच नोंद नाही. २०२३ च्या तलाठी भरतीच्या ऑनलाइन परीक्षेत २१ ऑगस्टला सर्व्हर बंद पडला, तेव्हा राज्यभर बातमी झाली. लेकराचा हात अडला तर कुणाला कळत नाही.

एका बैठकीत हा विषय काढला तर एक अधिकारी म्हणाले, “आता सगळ्यांकडे मोबाईल आहेत की.” साहेब, मोबाईल अंगठ्यानं चालतो. राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेनं इतर मागासवर्गाच्या मुलांना तयारीसाठी टॅब दिले, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे, पण टॅबवरही बोटच फिरतं. माऊसचा बाण नेमक्या गोलात नेणं, पडदा खाली सरकवून चौथा पर्याय शोधणं, समोरची आकृती बघत कागदावर कच्चं काम करणं हे सवयीनंच येतं, आणि सवयीला संगणक लागतो.

संगणक शाळांत आणलाही होता. आयसीटी योजनेतून संगणक कक्ष उभे राहिले, कंत्राटी शिक्षक आले. करार संपले तसे शिक्षक घरी गेले. आमच्या भागात कितीतरी ठिकाणी ती यंत्रं आज कापडाखाली झाकून आहेत. सराव चाचणी परीक्षेच्या संकेतस्थळावर ठेवलेली असते, हेही मला ठाऊक आहे. फोनच्या पडद्यावर ती उघडून परीक्षेतला संगणक कसा कळणार? जेईई मेन घेणाऱ्या एनटीएनं २०१८ मध्ये ग्रामीण मुलांसाठी विनाशुल्क सराव केंद्रं सुरू केली होती. म्हणजे गरज ओळखली गेली होती. मग ती केंद्रं प्रत्येक मोठ्या गावापर्यंत का पोचली नाहीत?

पाहुणे तेरला येतात तेव्हा भाषणात या गावाचा फार गौरव होतो. ग्रीक प्रवासवर्णनात नोंदलेलं तगर ते हेच, इथला माल भडोचमार्गे समुद्रापार जायचा, लामतुरे संग्रहालयात त्याच्या खुणा आहेत, हे सगळं खरं आहे. ऐकताना आम्हालाही बरं वाटतं. मात्र याच गावातल्या बारावीच्या मुलांना परीक्षेचा संगणक परीक्षेच्या दिवशीच पहिल्यांदा हाताळावा लागतो, हे त्या व्यासपीठावर कुणी बोलत नाही, आणि मागच्या रांगेत बसून ते ऐकणाऱ्या मला त्याचा त्रास होतो.

मागणी फार मोठी नाही. गावातला एक संगणक कक्ष चालू करा, इन्व्हर्टरसह. त्यावर शिकवणारा एक माणूस नेमा, करार संपला म्हणून वर्षाच्या मध्येच जाणार नाही असा. अकरावीपासून आठवड्याला एक तास, आणि खऱ्या परीक्षेसारख्याच पडद्यावर निदान पाच पूर्ण सराव पेपर, सगळं विनाशुल्क. अर्जाचं शुल्क जमा झाल्याचा मेसेज मुलांच्या फोनवर लगेच येतो. तसाच एक मेसेज सराव केंद्राचा पत्ता आणि वेळ कळवणाराही येऊ द्या, परीक्षेच्या निदान सहा महिने आधी.

आपला,
तेरमधील एक गणित शिक्षक