निदानाचे मोल

पावसाळ्याच्या पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः कोकणपट्टीत आणि मुंबई-ठाण्याकडे, गॅरेजांत ज्या तक्रारी रुजू होतात त्यांत एक तक्रार आता नित्याची झाली आहे: उभ्या गाडीचे वायपर आपोआप फिरू लागतात, सेंट्रल लॉक मध्यरात्री उघडते, इंडिकेटर लागत नाही आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते. या सर्व व्यवहारांवर ज्याचा अंमल चालतो ते बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजेच गॅरेजच्या बोलीतले बीसीएम, बहुधा डॅशबोर्डाखाली दडलेले असते; आणि बिघाड त्याच्या अखत्यारीतील असल्यामुळे दोषही त्याचाच असला पाहिजे, असा निष्कर्ष काढून ते बदलण्याचा सल्ला तत्काळ दिला जातो. मालक हजारो रुपये मोजतो, नवे मॉड्यूल बसते, आणि पुढच्या मोठ्या सरीनंतर तीच लक्षणे पुनश्च प्रकट होतात. हा प्रकार एखाद्या मिस्त्रीच्या अज्ञानाचा आहे असे म्हणून भागणार नाही. निदान हेही एक स्वतंत्र काम आहे आणि त्याचा मोबदला दिला पाहिजे, ही गोष्ट आपण, गाडीचे मालक, कधी मनापासून मान्यच केली नाही, हे त्याचे खरे कारण होय.

जुन्या गाडीत दिव्याचा प्रवाह बटणातूनच वाहत असे, पुढे मध्ये रिले आले. आजच्या गाडीत बटण दाबणे म्हणजे मॉड्यूलकडे केवळ अर्ज करणे होय, आणि तो मंजूर करावयाचा की नाही, हे त्या मॉड्यूलमधील प्रणाली ठरविते. बॉश कंपनीने १९८३ मध्ये ज्या संदेशवहन पद्धतीवर काम आरंभिले आणि १९८६ मध्ये डेट्रॉइट येथे जी अभियंत्यांसमोर मांडली, त्या ‘कॅन’ पद्धतीमुळे गाडीतील निरनिराळी मॉड्यूले परस्परांत पिळलेल्या अवघ्या दोन तारांवरून संभाषण करू लागली आणि तारांची अवजड जुडगी पुष्कळशी कमी झाली. परंतु या रचनेचा एक गुणच निदानाच्या वाटेत भ्रम उत्पन्न करतो. डिकीच्या झाकणाकडे जाणारी वायर रबरी नळीत वारंवार वाकून सोलली गेली आणि पत्र्याला टेकली, की प्रवाह मर्यादेबाहेर वाढतो. तो ओळखून अनेक गाड्यांतील मॉड्यूल आत्मरक्षणार्थ ती वाट बंद करते आणि दिवा लागत नाही. बाहेरून पाहणाऱ्यास मॉड्यूल निकामी झालेले दिसते, वस्तुतः ते आपले काम चोख बजावीत असते. त्याच्या जागी नवे बसविले तर तेही ती वाट बंद करील, कारण अपराधी वायर जेथल्या तेथेच आहे.

म्हणून तपासाचा क्रम महत्त्वाचा, आणि तो बॅटरीपासून सुरू झाला पाहिजे. विसावलेल्या अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाब नसेल तर पुढील मापनांवर विसंबता येत नाही. त्यानंतर स्कॅनर. ‘यू०१४०’ हा संकेतांक दिसला की अनेक ठिकाणी शोध तेथेच संपतो. पण त्याचा अर्थ इतकाच, की इतर मॉड्यूलांचा बीसीएमशी संपर्क तुटला आहे. बीसीएम मौन का आहे, त्याला विद्युत्पुरवठा मिळत नाही, त्याची अर्थिंगची तार तुटली आहे की संदेशाची वाट खंडित झाली आहे, याविषयी तो संकेतांक काहीही सांगत नाही. बीसीएमला पुरवठा बहुधा एकाहून अधिक फ्यूजांमधून होतो, तेव्हा एक फ्यूज शाबूत आढळला म्हणून सर्वच शाबूत आहेत असे मानता येत नाही. आणि येथे मल्टिमीटरही फसवितो: दहा धाग्यांच्या वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी तो बिनतक्रार १२ व्होल्ट दाखवितो, मात्र त्याच वायरीवर पुरेसा मोठा भार टाकला की दाब घसरू शकतो. अर्थिंगची परीक्षाही भार चालू असतानाच करावी. मॉड्यूलचे अर्थिंग आणि बॅटरीची ऋण बाजू यांमध्ये एक दशांश व्होल्टहून बराच अधिक फरक आढळला, तर दोष गंजलेल्या बोल्टात शोधावा. ज्या गाड्यांत कॅनच्या तारा थेट स्कॅनरच्या सॉकेटपर्यंत आणलेल्या असतात, तेथे बॅटरी सोडवून सहाव्या आणि चौदाव्या पिनांमध्ये रोध मोजल्यास सुमारे ६० ओहम यावा, कारण मार्गाच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोधक समांतर जोडलेले असतात. १२० आले तर एक टोक हरवले आहे, शून्याजवळ आले तर दोन्ही तारा कोठेतरी एकमेकींना भिडल्या आहेत. या परीक्षेला पाच मिनिटे पुरतात, आणि ती न करता मागविलेल्या सुट्या भागाची किंमत मालकाला कित्येक दिवस जाणवत राहते.

पाण्याचे प्रकरण निराळे. समोरच्या काचेखालील निचऱ्याच्या वाटा पाल्यापाचोळ्याने बुजल्या की पाणी आत उतरते, वायरींच्या जुडग्यावरून ओघळत कप्लरपर्यंत पोहोचते आणि पिनांवर हिरवी पुटे चढतात. वेळीच कप्लर स्वच्छ केला तर पुष्कळदा मॉड्यूल वाचते. सर्किट बोर्डच खाल्ला गेला असेल तर ते बदलण्यावाचून गत्यंतर नाही, तथापि निचरा मोकळा केल्यावाचून ते बदलणे म्हणजे मालकाच्या पैशाचा अपव्यय होय. याखेरीज हौसेने बसविलेले मोठ्या आवाजाचे हॉर्न, जादा दिवे आणि त्यांसाठी मूळ वायरिंगला जागोजाग मारलेले जोड यांचा जाब आपण मालकांनीच द्यावयास हवा.

इतका सर्व तपास करावयास एखाद्या जाणत्या वायरमनला दोन-तीन तास लागतात, आणि अखेरीस त्याच्या हातून कदाचित एक बोल्ट घासून घट्ट केला जातो. त्या बोल्टासाठी तो हजार-दीड हजार रुपये मागू लागला की आपण त्याच्याशी हुज्जत घालतो. परंतु नव्या, सीलबंद खोक्यातील मॉड्यूलसाठी दहापट रक्कम निमूटपणे देतो, कारण खोके डोळ्यांना दिसते. ज्या व्यवहारात शोधाला दाम नाही आणि विक्रीला नफा आहे, तेथे प्रामाणिक कारागीरही हळूहळू विक्रीकडेच वळतो. मला या अवनतीचे मनस्वी दुःख होते, कारण आपल्याकडील वायरमन बुद्धीने कोणत्याही देशातील तंत्रज्ञाहून उणा नाही.

त्याला उणे आहेत ती कागदपत्रे. विशिष्ट गाडीचा सर्किट डायग्राम हाती नसेल तर कोणत्या पिनेवर काय अपेक्षित आहे, हे त्याने अनुमानानेच जाणावयाचे काय? भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावताना, सुटे भाग, दुरुस्तीची माहितीपत्रके आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांपासून दूर ठेवण्याच्या प्रथेवरच बोट ठेवले होते. प्रकरण पुढे अपिलांत गेले. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि मोटारींचाही समावेश तिच्या कार्यकक्षेत केला, त्यापाठोपाठ एक पोर्टलही सुरू झाले. परंतु माहिती स्वेच्छेने पुरविण्याची सोय आणि ती वाजवी शुल्कात पुरविण्याचे कायदेशीर बंधन यांत महदंतर आहे, आणि नाक्यावरच्या गॅरेजाला गरज आहे ती बंधनाची.

कंपन्यांचा एक आक्षेप मात्र गंभीर आहे. बीसीएम बदलल्यावर काम संपत नाही: गाडीचा ओळखक्रमांक आणि तिच्या सोयींचा तपशील त्यात लिहावा लागतो, अनेक गाड्यांत इमोबिलायझर आणि सर्व चाव्या यांची नव्याने जुळणी करावी लागते, त्यासाठी शक्य तर जुन्या मॉड्यूलमधील नोंदी आधीच वाचून ठेवाव्या लागतात, आणि लेखन चालू असता बॅटरीचा दाब घसरला तर कोरे मॉड्यूलही निकामी होऊ शकते. ही चाव्यांची मुखत्यारी कोणाच्याही हाती दिली तर चोराचीच सोय होईल, असे कंपन्या म्हणतात, व ते खरे आहे. परंतु अमेरिकेत पडताळणी झालेल्या तंत्रज्ञांची नोंदवही ठेवून, प्रत्येक वेळी गाडी व मालक यांची खातरजमा नमूद करून, ही माहिती स्वतंत्र कारागिरांना देण्याची पद्धत चालू आहे. आपल्याकडे गाड्यांची नोंदणी ‘वाहन’ प्रणालीत आहेच आणि आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचे प्रमाणपत्र घेऊन दरवर्षी मुले बाहेर पडतात. त्यांतील जे पोलीस पडताळणीस तयार असतील त्यांची नोंद परिवहन विभागाने घ्यावी, मालकाची लेखी संमती व गाडीचा क्रमांक नोंदल्यावर सांकेतिक प्रवेश त्यांना मिळावा, आणि काढलेले मॉड्यूल, ते का काढले याच्या मापनांसह, मालकाच्या हवाली करण्याची अट त्याच नोंदणीत घालावी.