पुरुषांचा रकाना रिकामा का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींनी सांगितलं की आपली नसबंदीची शस्त्रक्रिया झाली आहे. नवऱ्याची झाली आहे असं सांगणाऱ्या होत्या ०.३ टक्के. हजार घरांमागे तीन. महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं आहे आणि पुरुषांचा आकडा इथेही अर्ध्या टक्क्याच्या आतच आहे.

मी बीड जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर आरोग्य सेविका होते. गावाच्या तोंडी नर्सबाई. सर्वेक्षणाची माणसं वेगळी असतात, त्यांची प्रश्नावलीही वेगळी. पण आमच्या जननक्षम जोडप्यांच्या नोंदवहीत चित्र हेच दिसायचं. घर क्रमांक, बायकोचं नाव-वय, नवऱ्याचं नाव-वय, मुलं किती, धाकटं केवढं, आणि शेवटी कोणती पद्धत. तिथे तांबी, माळेच्या गोळ्या, निरोध, स्त्री शस्त्रक्रिया, पुरुष शस्त्रक्रिया असे रकाने. स्त्री शस्त्रक्रियेचा रकाना पानोपान भरलेला असायचा. पुरुषांच्या रकान्यात एखादी बरोबरची खूण सापडली, तर तो बहुधा गावातला म्हातारा निघायचा, जुन्या काळात ऑपरेशन केलेला.

याच सर्वेक्षणात पुरुषांना एक विधान वाचून दाखवतात: गर्भनिरोधन ही बायकांची बाब आहे, पुरुषाने त्याची काळजी करायचं कारण नाही. ३५ टक्के पुरुष याला हो म्हणाले. या ३५ टक्क्यांवर आपल्याकडे बरीच चर्चा होते आणि व्हायलाही हवी. मला मात्र उरलेल्यांची जास्त चिंता वाटते. निम्म्याहून जास्त पुरुषांनी ही एकट्या बायकांची बाब मानली नाही. मग टेबलावर झोपायची वेळ येते तेव्हा ते जातात कुठे? मत विचारलं की जबाबदारी दोघांची, आणि शरीर पुढे करायची वेळ आली की बायकोचं. मत आणि कृती यांच्यातलं हे अंतर मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिलं.

दोन्ही ऑपरेशनं नेमकी कशी असतात, ते सांगते. बाईचं ऑपरेशन पोट उघडून, नाहीतर दुर्बिणीने. आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचं, भूल घ्यायची, पोटाला छेद द्यायचा, गर्भनलिका बांधायच्या. नंतर आठवडाभर टाके सांभाळायचे आणि ओल येऊ द्यायची नाही. पुरुषाच्या बिनटाक्याच्या नसबंदीत फक्त त्या जागेपुरतं भुलीचं इंजेक्शन असतं. कातडीला एक बारीक छिद्र पाडतात आणि वीस मिनिटांत काम होतं. अर्धा-एक तास बसून माणूस स्वतःच्या पायांनी घरी जातो. दोन दिवस विश्रांती घ्यायची आणि आठवडाभर जड काम करायचं नाही. पहिले तीन महिने मात्र निरोध वापरावाच लागतो आणि मग वीर्य तपासून घ्यावं लागतं. ताकद, इच्छा, दाढी-मिशी, आवाज यांतलं काहीही बदलत नाही, कारण संप्रेरकं तयार करणाऱ्या भागाला हात लागलेलाच नसतो. ऑपरेशन फसून पहिल्या वर्षात दिवस राहण्याचं प्रमाण बायकांमध्ये हजारात पाचच्या आसपास, पुरुषांमध्ये एक-दोन. म्हणजे सोपं, सुरक्षित आणि जास्त खात्रीचं, तेच हजारात तिघे करतात.

सरकारही पुरुषाला बाईपेक्षा जास्त पैसे देतं. तरी कोणी येत नाही.

का येत नाही, याचं ठरलेलं उत्तर आहे: आणीबाणी. त्यात तथ्य आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या ६२ लाख पुरुषांच्या. किती माणसांना धाकाने आणि जबरदस्तीने टेबलावर घातलं, ते आणीबाणीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढे आलं. नसबंदीनंतरच्या १,७७४ मृत्यूंची नोंद त्या आयोगाने केली आहे. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूर करणारं पहिलं राज्य आपलंच. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. त्या दहशतीनंतर सरकारी यंत्रणा पुरुषांच्या वाटेला जाईना आणि सगळा भार बायकांकडे वळला.

पण आकडे पुढे वाचा. १९९२-९३ च्या पहिल्या सर्वेक्षणात पुरुष नसबंदीचं प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास होतं. नंतर ते दोनवर आलं, मग एकवर, आणि २०१५-१६ पासून ०.३ वर थांबलं आहे. आणीबाणीत आणि त्याआधी ज्यांच्या नवऱ्यांची ऑपरेशनं झाली, त्या बायका पन्नाशी ओलांडून मोजणीबाहेर गेल्या आणि त्यांच्या जागी नवे पुरुष आलेच नाहीत. आज ज्याला दोन लेकरं आहेत, तो तिशीतला बाप आणीबाणीनंतर पंधरा-वीस वर्षांनी जन्मला. त्याने ती दहशत पाहिलेली नाही, बापाकडून ऐकलेलीही क्वचितच. त्याच्या नकाराचं कारण आणीबाणी असू शकत नाही. त्याला कोणी विचारतच नाही, हे मला खरं कारण वाटतं.

आमच्या भागात दिवाळीच्या आगेमागे गावं रिकामी होतात. माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या हिशेबात नवराबायको मिळून एक कोयता आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही दोघांची मिळून. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन, ट्रॅक्टरला लावलेल्या फळीवरून वर चढायचं काम बाई करते, तेही दिवसातून कितीदा. एका घरी दोन लेकरांच्या बापाला मी ऑपरेशनबद्दल विचारलं. तो म्हणाला, "बाई, मला मोळी उचलावी लागती. अशक्तपणा आला तर फड कसा उरकायचा?" शेजारी त्याची बायको धाकट्याला पाजत बसली होती. तीही तीच मोळी उचलत होती, आणि त्या वर्षी पोटाचे टाके घेऊन उचलणार होती. हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तो माणूस वाईट नव्हता. बायकोला दवाखान्यात आणायला मोटारसायकल मागून आणणारा, मुलीच्या तापात रात्रभर जागणारा बाप होता. पण बायकोच्या अंगातली ताकद ही मोजायची गोष्ट आहे, असं त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

याच बीडमध्ये २०१९ साली राज्य सरकारच्या समितीने ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, म्हणजे शंभरात जवळपास सतरा. देशभरात हे प्रमाण साधारण तीन टक्के आहे. पाळीत काम बुडतं, काम बुडालं की मुकादम दंड लावतो, आणि खासगी दवाखान्यात पिशवी काढून टाकायचा सल्ला सहज मिळतो. नसबंदी आणि गर्भपिशवी काढणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला ठाऊक आहे. तरी दोन्हींमागचा समज एकच आहे: अडचण घरात कुणाचीही असो, कापायचं ते बाईचं पोट.

बायकाही नवऱ्याचं ऑपरेशन नको म्हणतात, हे लपवण्यात अर्थ नाही. दोन मुलांची एक आई हात धरून मला म्हणाली होती, "बाई, त्यांचं नगं, माझंच करा. उद्या चुकून काही राह्यलं तर सगळ्यांची बोटं माझ्याकडंच येतील." मी गप्प झाले, कारण ती खरं बोलत होती. नवऱ्याच्या ऑपरेशननंतर दिवस राहिले, तर तीन महिन्यांचा नियम पाळला नाही की ऑपरेशन फसलं, हे कोणी तपासत नाही. थेट बाईच्या चारित्र्याचा पंचनामा सुरू होतो. तिचं स्वतःचं ऑपरेशन फसलं, तर डॉक्टरला शिव्या बसतात आणि ती सुटते. म्हणून ती पोटावर टाके घेते. तिचा नकार मोजणाऱ्याला अडाणीपणा वाटेल, पण तिने सासर पूर्ण ओळखलेलं असतं.

नवराबायकोत किती विश्वास आहे, हे सर्वेक्षणाच्या आणखी एका आकड्यात दिसतं. नवऱ्याला गुप्तरोग असेल, त्याचे बाहेर संबंध असतील किंवा ती दमलेली असेल, इच्छा नसेल, तर या तिन्ही वेळी बायकोने शरीरसंबंधाला नाही म्हणणं रास्त आहे, असं ८० टक्के बायकांना वाटतं आणि ६६ टक्के पुरुषांना. शंभरातले चौतीस पुरुष यांतल्या एखाद्या तरी कारणाला अडतातच. ज्या घरात बाईला नाही म्हणायची सोय नाही, तिथे पुढच्या मुलाची भीती रोज रात्रीची असते. त्या भीतीतून ती पंचविशीच्या आसपास ऑपरेशन करून घेते. देशात नसबंदी करून घेणाऱ्या बायकांचं सरासरी वय साधारण तेच आहे. ज्या वयात शहरातल्या मुली लग्नाचा विचार सुरू करतात, त्या वयात हिचं बाळंतपणाचं आयुष्य संपलेलं असतं.

यंत्रणेलाही मी यातून सोडणार नाही. १९९६ पासून नसबंदीचं टार्गेट कागदोपत्री गेलं, पण महिन्याच्या मीटिंगमध्ये "केसेस किती?" हा प्रश्न कधी गेला नाही. केस म्हणजे बाई हे ठरलेलंच, कारण ती सापडते. गरोदरपणाच्या तपासणीला येते, बाळंतपणाला येते, पोराच्या डोसाला येते. नवरा आमच्या दारात येतच नाही. त्यात नसबंदीसाठी जोडीदाराच्या संमतीची गरज नाही असं केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्वच्छ लिहिलेलं असताना, बाईच्या वेळी नवऱ्याची सही आणायला सांगणारे कर्मचारी मी जागोजागी पाहिले. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळ एकाच शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली गेली आणि दहाहून जास्त बायका दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितली. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने नसबंदीत पुरुषांचा वाटा किमान ३० टक्के करण्याचं ठरवलं. आज शंभर नसबंदीत पंच्याण्णवहून जास्त बायकाच असतात.

याच महाराष्ट्रात गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. त्यासाठी त्यांनी नोकरी गमावली, खटले सोसले, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. शंभर वर्षांनंतरही आपण पुरुषाशी या विषयावर उघड बोलायला लाजतो, हे मला सहन होत नाही.

दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर या काळात सरकार पुरुष नसबंदी पंधरवडा पाळतं. बॅनर लागतात, रॅली निघते. त्या पंधरवड्यात आमच्या गावांतले तरुण बाप सातारा, सांगली, कोल्हापूरच्या फडात असतात. ज्यांच्याशी बोलायचं, ते गावातच नसतात. आरोग्य विभागाने ऊसतोडीच्या तालुक्यांसाठी हा पंधरवडा मे महिन्यात घ्यावा. माणसं परत आलेली असतात, अंगाला आराम असतो, हातात थोडा वेळ असतो. कारखान्याच्या तळावरही आरोग्य सेवक पाठवावेत, आणि ते पुरुषच असावेत. पुरुषाचा प्रश्न पुरुषाने पुरुषाला पारावर बसून विचारावा. नोंदवही भरताना बाईला "तुझं कधी करायचं?" म्हणण्याआधी तिच्या नवऱ्याला गाठून "तुमचं कधी करायचं?" असं विचारणं सक्तीचं करावं. यात सक्ती फक्त विचारण्याची आहे. निर्णय त्याचाच राहील, जबरदस्तीचं काय होतं ते आपण एकदा भोगलं आहे.

आणि हे वाचणाऱ्या, मुलं झालेल्या आणि आणखी नको असलेल्या प्रत्येक पुरुषाला माझं सांगणं आहे. बायकोच्या ऑपरेशनची तारीख घेण्याआधी एकदा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जा आणि बिनटाक्याची नसबंदी कोणत्या दिवशी करतात ते विचारा. तीन महिन्यांनी तपासणी करून घ्या आणि तो कागद बायकोच्या हातात द्या.